रुग्णालयांची सुरक्षा उद्या कशी असावी? पहारेकरी, कायदा, कॅमेरे आणि सीमाभागातील रुग्णांचे प्रश्न

रुग्णालयात मारहाण झाली की दोन-चार दिवस बातम्या चालतात. डॉक्टर काळ्या फिती लावतात, ओपीडी बंद राहते, पालकमंत्री येऊन 'सुरक्षारक्षक वाढवू' असे सांगतात आणि पुढची घटना घडेपर्यंत विषय मिटतो. त्या बंदच्या काळात लांबच्या गावाहून एसटीने आलेला रुग्ण मात्र केसपेपर हातात घेऊन परत जातो.

सीमाभागात हा प्रश्न जरा जास्त गुंतागुंतीचा आहे. चंदगडचा रुग्ण बेळगावला जातो, निपाणीचा कोल्हापूरच्या सीपीआरला, अथणीचा मिरजेला, तर सावंतवाडी-दोडामार्गचा गोव्याच्या बांबोळीला. राज्य बदलले की कायदा बदलतो, पोलीस ठाणे बदलते आणि दारावरच्या वॉचमनची भाषाही बदलते. त्यामुळे रुग्णालयाची सुरक्षा म्हणजे काय, ती कुठे कमी पडते आणि पुढे ती कशी असायला हवी, हे रुग्णाच्या नातेवाइकांनीही समजून घेणे गरजेचे आहे.

सुरक्षा म्हणजे फक्त मारहाण रोखणे नव्हे

रुग्णालय ही विचित्र जागा आहे. बँकेसारखे दार बंद ठेवता येत नाही, कारण अपघाताचा पेशंट रात्री तीन वाजताही येतो. बसस्थानकासारखे उघडे सोडूनही चालत नाही, कारण आत ऑपरेशन थिएटर, बाळंतीण, नवजात बाळे आणि औषधांचा साठा असतो. म्हणून रुग्णालयाच्या सुरक्षेत साधारण पाच कामे येतात.

१. डॉक्टर, सिस्टर, मावशी, मामा अशा सर्व कर्मचाऱ्यांना हिंसेपासून वाचवणे.
२. रात्रपाळीच्या महिला कर्मचाऱ्यांना विश्रांतीची, कपडे बदलण्याची आणि ये-जा करण्याची सुरक्षित सोय देणे.
३. रुग्णांचे रक्षण. यात बाळचोरी, दागिने-मोबाइलची चोरी आणि रुग्णाची छेडछाड हे सगळे आले.
४. आग, ऑक्सिजन गळती, वीज जाणे अशा प्रसंगी माणसे बाहेर काढणे.
५. रुग्णाची माहिती, रिपोर्ट आणि कॅमेऱ्यातील चित्रीकरण सांभाळणे.

आपल्याकडे पहिल्या कामावर सगळी चर्चा होते आणि उरलेली चार कामे दुर्घटना घडल्यावरच आठवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. शिवीगाळ आणि धमक्या वेगळ्याच. त्यांची नोंद बहुतेक ठिकाणी होतच नाही.

१९७३ ते २०२५ : कोणत्या घटनेतून काय दिसले?

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या परिचारिकेवर तिथल्याच एका वॉर्डबॉयने हल्ला केला. त्या मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या. ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना हा प्रकार घडला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. दीर्घ ड्युटीनंतर ती सेमिनार हॉलमध्ये विश्रांती घेत होती. गुन्हेगार पोलिसांचा 'सिव्हिक व्हॉलंटिअर' होता आणि त्याला रुग्णालयात सहज ये-जा करता येत होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

दोन्ही घटनांत पन्नास वर्षांचे अंतर आहे, पण साम्य लपत नाही. हल्लेखोर बाहेरून भिंत चढून आला नव्हता. तो आत वावरण्याची मुभा असलेला माणूस होता. आणि बाईमाणसाला कपडे बदलायला किंवा पाठ टेकायला कुलूप लागणारी खोली नव्हती. गेटवर दहा माणसे वाढवली असती तरी हे दोन प्रश्न सुटले नसते.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी केलेल्या मारहाणीत डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सरकारने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे सुमारे ११०० जवान देण्याचे कबूल केले. सरकारी रुग्णालयांत एका रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास देण्याची पद्धतही तेव्हापासून जोर धरू लागली.

१० मे २०२३ रोजी केरळमधील कोट्टारक्करा तालुका रुग्णालयात पोलिसांनी उपचारासाठी आणलेल्या माणसानेच तरुण महिला डॉक्टरला भोसकून ठार केले. पोलीस सोबत होते, तरी जीव वाचला नाही. नशेत किंवा बेभान असलेल्या माणसाला आणताना पोलिसांनी कुठे उभे राहायचे, ट्रेमधील कात्री-सुरी कुठे ठेवायची, याचा नियम ठरलेला असावा लागतो, हा त्यातला धडा.

राज्य ओलांडले की कायदा बदलतो

डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हिंसा रोखण्यासाठी देशभर एकच असा स्वतंत्र कायदा नाही. बहुतेक राज्यांनी आपापले कायदे केले आहेत. मराठी माणूस जिथे जिथे वसला आहे, तिथली स्थिती अशी.

महाराष्ट्र : कायदा २०१० चा. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तोडफोड झालेल्या वस्तूंच्या किमतीच्या दुप्पट भरपाई.

कर्नाटक : कायदा २००९ चा. मूळ शिक्षा महाराष्ट्रासारखीच. २०२४ मध्ये ती वाढवणारी दुरुस्ती विधिमंडळाने मंजूर केली.

गोवा : कायदा २०१३ चा.

गुजरात : कायदा २०१२ चा. वडोदऱ्याचे सर सयाजीराव रुग्णालय याच कायद्याखाली येते.

मध्य प्रदेश : कायदा २००८ चा. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि ग्वाल्हेरचे जयारोग्य यांना तो लागू.

तेलंगण : एकत्रित आंध्र प्रदेशाने २००८ मध्ये केलेला कायदा हैदराबादेत पुढे चालू राहिला.

कोविडच्या काळात केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. त्यात हल्लेखोराला तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. तपास ३० दिवसांत पूर्ण करण्याचे बंधनही आहे. पण हा कायदा साथीच्या काळापुरता. २०१९ मध्ये केंद्राने वेगळ्या कायद्याचा मसुदा काढला होता, तो पुढे सरकला नाही. कोलकात्याच्या घटनेनंतर २० ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. त्या दलाचेही मत असे पडले, की २४ राज्यांत कायदे आहेत, बाकीचे गुन्हे भारतीय न्याय संहितेत बसतात, म्हणून वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही. डॉक्टरांच्या संघटनांना ते पटलेले नाही.

कायदे आहेत, मग अडते कुठे? अडते ते तक्रार नोंदवण्यात. मार खाल्लेला निवासी डॉक्टर किंवा सिस्टर स्वतःच्या नावाने फिर्याद द्यायला कचरते. उद्या त्याच वॉर्डात काम करायचे असते, कोर्टाच्या तारखांना जायला रजा मिळत नाही. यावर १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आदेश काढला, की घटनेनंतर सहा तासांत संस्थेने स्वतः एफआयआर नोंदवावा आणि त्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. हा बदल दिसायला छोटा असला तरी त्यामुळे फिर्यादी एकटा पडत नाही. हाच नियम जिल्हा आणि तालुका रुग्णालयांत पाळला जातो का, हे स्थानिक लोकप्रतिनिधींनी विचारायला हवे.

सीमाभागातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती नोंदवता येते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. बांबोळीत रुग्णाची पर्स गेली आणि नातेवाईक सावंतवाडीला परतले, तर 'तो भाग आमच्या हद्दीत नाही' असे सांगून त्यांना परत पाठवता येत नाही.

एका दारासाठी किती माणसे लागतात?

'आमच्याकडे वीस सुरक्षारक्षक आहेत' असे रुग्णालय सांगते तेव्हा प्रत्यक्षात दारावर किती जण उभे असतात? हा हिशेब सोपा आहे. एका दारावर चोवीस तास माणूस हवा तर आठ तासांच्या तीन पाळ्या. आठवड्याच्या झाल्या २१ पाळ्या. एक माणूस साप्ताहिक सुट्टी धरून सहा पाळ्या करतो. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे, रजा-आजारपण धरले तर चार. दहा जागा असतील तर ३५ ते ४० माणसे लागतात.

पण कंत्राटात दहा जागांसाठी वीसच माणसे दाखवली असतील तर त्याचा अर्थ एकच, प्रत्येक जण बारा-बारा तास उभा आहे आणि त्याला आठवड्याची सुट्टीही नाही. रात्री दोन वाजता असा माणूस खुर्चीवर डुलकी घेताना दिसला तर दोष त्याच्या एकट्याचा नसतो.

पैशाचा हिशेबही असाच. समजा एका रक्षकाचा पगार १५ हजार रुपये धरला. भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा आणि त्यावरचे शुल्क १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे सुमारे ४८८. झाले १७,४३८. त्याच्या सुट्टीच्या दिवशी बदली माणूस लागतो, त्याचा सहावा हिस्सा सुमारे २,९०६. एकूण २०,३४४ रुपये. यात गणवेश, प्रशिक्षण, बोनस, कर आणि ठेकेदाराचा नफा धरलेलाच नाही. आता निविदेत कोणी १७ हजारांचा दर भरला आणि 'सर्वांत कमी दर' म्हणून त्यालाच काम मिळाले, तर ते पैसे कुठून निघणार? पगारातून, पीएफमधून किंवा हजेरीपटावरच्या खोट्या नावांतून. स्वस्त निविदेची किंमत शेवटी कॅज्युअल्टीतली सिस्टर मोजते.

खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. संस्थेला ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याचा परवाना लागतो. शेजारच्या राज्याचा परवाना दाखवून चालत नाही. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असे १६० तासांचे प्रशिक्षण हवे. माजी सैनिकांना यात सवलत आहे. मात्र हे प्रशिक्षण मॉल, कारखाना, सोसायटी सगळ्यांसाठी एकच. रडणाऱ्या माणसाशी कसे बोलायचे, दारू प्यालेल्या रुग्णाला इजा न करता कसे धरायचे, मनोरुग्णाशी कसे वागायचे, स्ट्रेचर आल्यावर गर्दी कशी हटवायची, हे रुग्णालयाने स्वतः शिकवावे लागते. पुढच्या काळात निविदेत दराबरोबर या प्रशिक्षणाला गुण दिले गेले तरच फरक पडेल.

भांडण कुठे आणि का पेटते?

रुग्णालयातील बहुतेक भांडणे चार ठिकाणी होतात : कॅज्युअल्टी, आयसीयूच्या बाहेर, प्रसूती विभाग आणि बिलाची खिडकी. कारणेही ठरलेली. वाट बघणे, काय चालले आहे ते न कळणे आणि पैसे. मृत्यू झाला की ही तिन्ही कारणे एकत्र येतात. गावाकडून गाडी भरून माणसे येतात, सकाळपासून काय घडले हे त्यांना माहीत नसते, आणि समोर उभा असतो तो सर्वांत ज्युनिअर डॉक्टर.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. वॉर्डाची पाटी कन्नडमध्ये, संमतीपत्र इंग्रजीत, डॉक्टर बाहेरच्या जिल्ह्यातला आणि रुग्णाची आई फक्त मराठी बोलणारी, हे चित्र नवे नाही. उलटही घडते. कोल्हापूर-मिरजेला आलेल्या कन्नडभाषक रुग्णाला मराठीतली चिठ्ठी वाचता येत नाही. 'पेशंट क्रिटिकल आहे' या वाक्यातून 'बरा होईल' असा अर्थ घेऊन नातेवाईक चहाला जातात आणि परत येतात तेव्हा सगळे संपलेले असते. मग 'आम्हाला सांगितलेच नाही' हा आरोप होतो, आणि डॉक्टर म्हणतात 'तीनदा सांगितले'. दोघेही खरे बोलत असतात.

म्हणून माहिती देणे हा सुरक्षेचाच भाग आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद केंद्राने राज्यांकडे पाठवली आहे. रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळावी, हे त्यात आहे. राज्यघटनेचे कलम ३५० तर कोणत्याही नागरिकाला देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. भाषेचा वाद राजकारण्यांनी राजकारणात घालावा, पण आयसीयूच्या दारात दोन्ही भाषा बोलणारा एक मदतनीस बसवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. त्याचा पगार एका मोडलेल्या व्हेंटिलेटरपेक्षा नक्कीच कमी आहे.

ज्या रुग्णालयांना हे जमवायचे आहे त्यांच्यासाठी उपाय साधे आहेत. रुग्ण दाखल होताच एकाच नातेवाइकाचे नाव आणि मोबाइल नंबर केसपेपरवर घ्यायचा आणि माहिती त्यालाच द्यायची. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी माहिती द्यायची, ती दिल्याची सही घ्यायची. वाईट बातमी कॉरिडॉरमध्ये उभ्याने सांगायची नाही. वरिष्ठ डॉक्टरने खोलीत बसवून सांगायची आणि त्याआधी सुरक्षारक्षकाला कल्पना द्यायची. बिलाची रक्कम रोजच्या रोज कळवायची.

बिल आणि मृतदेह यावरूनही बऱ्याच ठिकाणी तोडफोड होते. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार मृतदेह अडवून ठेवता येत नाही. कर्नाटकातही खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर थकीत बिलासाठी मृतदेह रोखता येत नाही. थकबाकी वसूल करण्याचा वेगळा मार्ग रुग्णालयाला मोकळा आहे. हा नियम दोन्ही बाजूंना माहीत असेल तर काचा फुटण्याआधीच बऱ्याच भांडणांचा निकाल लागेल.

राज्याबाहेरील रुग्णांच्या शुल्काचा मुद्दाही असाच पेटतो. गोवा सरकारने जानेवारी २०१८ पासून बांबोळीत परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात मोठी नाराजी पसरली होती. महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्याला कर्नाटकाने विरोध केला. धोरण काहीही असो, नियम दारावर मराठी, कन्नड, कोंकणीत लिहिलेला हवा. खिडकीवर बसलेल्या कारकुनाने तोंडी सांगितलेल्या नियमावर आजारी माणसाच्या घरचे विश्वास ठेवत नाहीत.

पुढची साधने : पास, बटण, टॅग आणि कॅमेरे

येत्या काही वर्षांत पुढील गोष्टी छोट्या शहरांपर्यंत पोहोचतील.

नातेवाइकांचे पास : कागदी पासाऐवजी क्यूआर कोड किंवा मनगटावरची रंगीत पट्टी. तामिळनाडूतील सरकारी रुग्णालयांत विभागानुसार वेगळ्या रंगाच्या पट्ट्या देणे सुरू झाले आहे. प्रसूती विभागाची पट्टी असलेला माणूस आयसीयूजवळ दिसला की रक्षकाला लगेच कळते. पण पास देताना नातेवाइकाला बसायला बाक, पंखा, पाणी आणि स्वच्छतागृह नसेल तर तो पुन्हा वॉर्डातच शिरणार.

धोक्याचे बटण : कॅज्युअल्टीच्या टेबलाखाली किंवा सिस्टरच्या ओळखपत्रात बटण असते. दाबल्यावर नियंत्रण कक्षाला जागा कळते. बटणाचा उपयोग किती, हे दुसऱ्या टोकाला कोण आहे यावर ठरते. दाबल्यावर तीन मिनिटांत कोणी पोहोचते का, याची महिन्यातून एकदा अचानक चाचणी घ्यावी.

दारांवर कार्ड : लेबर रूम, औषध भांडार, विश्रांती कक्ष यांची दारे ज्याच्या कार्डावर परवानगी आहे त्यालाच उघडतात. कोणते दार कोणी किती वाजता उघडले याची नोंद राहते. नोकरी सोडलेल्या किंवा कंत्राट संपलेल्या माणसाचे कार्ड त्याच दिवशी बंद व्हायला हवे. केईएम आणि कोलकाता या दोन्ही घटनांनंतर 'आतल्या माणसाची' तपासणी टाळता येणार नाही.

बाळाचा टॅग : नवजात बाळाच्या पायाला आणि आईच्या मनगटाला जुळणारा टॅग. बाळ ठरावीक हद्दीबाहेर नेले की भोंगा वाजतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालतस्करीच्या प्रकरणात स्पष्ट केले, की रुग्णालयातून नवजात बाळ पळवले गेले तर त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करणे ही पहिली कारवाई असावी. टॅग परवडत नसेल तर आई-बाळाच्या जुळत्या पट्ट्या, प्रसूती विभागाला एकच दार आणि 'बाळ कोणाच्याही हातात देऊ नका' हा ठळक फलक, इतके तरी हवेच.

सीसीटीव्ही : कॅमेरा मारहाण थांबवत नाही, पुरावा देतो. पण तोच कॅमेरा नवा धोका झाला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांच्या तपासणीचे चित्रीकरण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. या प्रकरणात लातूर आणि सांगलीतूनही अटक झाली. गुजरातमधला कॅमेरा, महाराष्ट्रातले आरोपी, आणि बघणारे कुठलेही. तपासणी कक्ष, इंजेक्शनची खोली, लेबर रूम इथे कॅमेरा असता कामा नये. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. चित्रीकरण कोण बघतो आणि किती दिवस ठेवतो, हे लिहून ठेवावे.

संगणकावरचा दरोडा

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचे काम जवळपास दोन आठवडे कागदावर चालले. चोर दारातून आला नाही, म्हणून एकाही सुरक्षारक्षकाला त्याची चाहूल लागली नाही.

जिल्हा रुग्णालयांत आता ऑनलाइन नोंदणी आणि 'आभा' क्रमांक आले आहेत. खासगी दवाखान्यांतून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातात. रिसेप्शनच्या संगणकावर कोणाचाही पेनड्राइव्ह लागतो आणि एकच पासवर्ड सहा जणांना माहीत असतो. २०२२ च्या नियमानुसार अशा हल्ल्याची माहिती सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला द्यावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. एड्स, मानसिक आजार, गर्भपात यांची माहिती फुटली तर एखाद्या मुलीचे लग्न मोडते, एखाद्याची नोकरी जाते. त्यामुळे हा विषय फक्त संगणकवाल्याचा नाही.

कुलूप लावताना सुटकेचा विचार

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बाळे गेली. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीच्या गळतीनंतर २२ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागून ११ जणांचा मृत्यू झाला. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा १० नवजात बाळे होरपळली.

गर्दी आवरायची म्हणून रुग्णालये बाजूची दारे साखळदंडाने बांधतात, एकच गेट उघडे ठेवतात. आग लागली की तीच साखळी घात करते. २०११ मध्ये कोलकात्यातील एका बड्या खासगी रुग्णालयात आगीत नव्वदच्या आसपास बळी गेले. तेव्हा मदतीला धावलेल्या आसपासच्या लोकांना रक्षकांनी सुरुवातीला परत पाठवल्याचा आरोप झाला होता. म्हणून सुरक्षा आणि अग्निशमन या दोन फायली वेगळ्या कपाटात ठेवून चालणार नाही. बाहेर पडण्याची दारे आतून ढकलताच उघडणारी हवीत. रात्रपाळीच्या रक्षकाला किल्ली कुठे आहे, मेन स्विच कुठे आहे, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार, हे पाठ हवे. आयसीयूतील रुग्ण स्वतः पळू शकत नाही, त्याला उचलून नेण्याचा सराव लागतो.

जबाबदार माणूस कोण?

आज बहुतेक रुग्णालयांत रक्षक ठेकेदाराचा, कॅमेरे दुसऱ्या कंपनीचे, अग्निशमन बांधकाम खात्याचे, संगणक तिसऱ्याचे आणि पोलीस चौकी पोलिसांची. घटना घडली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. येत्या काळातला सर्वांत मोठा बदल यंत्रांत नसून इथे हवा. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात रुग्णालयाच्याच पगारावर असलेला एक सुरक्षा अधिकारी, त्याच्यावर थेट अधीक्षकांचे नियंत्रण, आणि महिन्याला बैठक घेणारी समिती. त्या समितीत रात्रपाळीची एक सिस्टर आणि एक निवासी डॉक्टर असलेच पाहिजेत, कारण कोणत्या कॉरिडॉरचा दिवा बंद आहे हे त्यांनाच माहीत असते. शिवीगाळ, धमकी, धक्काबुक्की यांचीही नोंदवही हवी. मोठ्या मारहाणीआधी बऱ्याचदा छोट्या धमक्या येऊन गेलेल्या असतात.

नातेवाइकांनी लक्षात ठेवावे

- रुग्णासोबत दोघांनीच थांबावे. गावाहून येणाऱ्या बाकीच्यांना फोनवर माहिती द्यावी.
- डॉक्टरांनी सांगितलेले समजले नाही तर 'मराठीत किंवा सोप्या भाषेत पुन्हा सांगा' असे शांतपणे म्हणावे. तो हक्क आहे.
- दागिने घरी ठेवावेत. बाळ ओळखपत्र नसलेल्या कोणाच्याही हाती देऊ नये.
- उपचारात हलगर्जी झाल्याची शंका असेल तर केसपेपरच्या प्रती मागाव्यात. वैद्यकीय परिषद, ग्राहक आयोग आणि पोलीस असे तीन मार्ग आहेत. हात उचलला की हे तिन्ही मार्ग कमजोर होतात आणि अजामीनपात्र गुन्हा अंगावर येतो.
- वॉर्डातील व्हिडिओ काढून पसरवू नयेत. शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही अब्रू असते.

आणि आपल्या गावच्या रुग्णालयाला प्रत्येकाने पाच प्रश्न विचारायला हरकत नाही. रात्री कॅज्युअल्टीत प्रत्यक्ष किती रक्षक असतात? महिला कर्मचाऱ्यांच्या विश्रांती कक्षाला आतून कडी आहे का? आगीचा सराव शेवटचा कधी झाला? नातेवाइकांना माहिती देण्याची वेळ आणि भाषा कोणती? आणि घटना घडली तर सहा तासांत फिर्याद कोण देणार? या पाच प्रश्नांची उत्तरे नावानिशी मिळाली, तर त्या रुग्णालयात सुरक्षा आहे असे म्हणता येईल. नाही मिळाली, तर पुढची निविदा निघण्याआधी ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत किंवा आमदारांसमोर हा विषय काढावा.